दुखऱ्या गुडघ्याने लांब पल्ला गाठता येतो का?

पहाटे पाच-साडेपाचला सेलूतून पाथरीच्या, जिंतूरच्या किंवा वालूरच्या रस्त्याने बाहेर पडले की अंधारातच पावलांचे आवाज कानावर येतात. पोलीस भरतीची आणि सैन्यभरतीची तयारी करणारी मुले-मुली धावत असतात. अलीकडे त्यांच्या मागोमाग चाळिशी-पन्नाशीतले काही शिक्षक, व्यापारी, नोकरदारही दिसू लागले आहेत. कोणाला एकवीस किलोमीटरची अर्धमॅरेथॉन पुरी करायची असते, कोणाला सायकलवरून पंढरपूर गाठायचे असते, तर कोणाला आषाढीला दिंडीबरोबर पायी जायचे असते. ही फार चांगली गोष्ट आहे. पण यातल्या बऱ्याच जणांची दवाखान्यात गाठ पडते ती एकाच तक्रारीमुळे. "डॉक्टरसाहेब, गुडघा दुखायलाय. भरती महिन्यावर आली. काय तरी करा."

अशा मुलाला दोन सल्ले आधीच मिळालेले असतात. घरातली वडीलधारी मंडळी म्हणतात, "पळणं बंद कर, पाय कायमचा जाईल." मैदानावरचे सोबती म्हणतात, "थोडं दुखायचंच, अंगावर काढ." दोन्ही सल्ले मायेने दिलेले असतात आणि दोन्ही अर्धवट असतात. काही गुडघे असे असतात की त्यांवर आणखी एक दिवसही धावू नये. मात्र दवाखान्यात येणारे बहुतेक धावपटूंचे गुडघे असे असतात की माप ठरवून, हिशेबाने सराव चालू ठेवला तरच ते बरे होतात. आपला गुडघा कोणत्या प्रकारचा आहे हे ओळखणे आणि दुसऱ्या प्रकारचा असेल तर त्याच्याकडून काम कसे करून घ्यायचे, हे आज पाहू.

गुडघा म्हणजे नेमके काय?

मांडीचे हाड आणि नडगीचे हाड जेथे मिळते तो गुडघा. समोर एक वाटी असते. मांडीचा पुढचा जाड स्नायू या वाटीमार्फत नडगी ओढतो, म्हणून आपण पाय सरळ करू शकतो. दोन हाडांच्या मध्ये चंद्रकोरीच्या आकाराच्या दोन गाद्या असतात, त्यांना मेनिस्कस म्हणतात. धक्का वाटून घेणे हे त्यांचे काम. हाडे जागेवरून घसरू नयेत म्हणून आत एकमेकांना छेद देणारे दोन आणि दोन बाजूंना दोन असे चार पक्के दोर असतात. त्यांना लिगामेंट म्हणतात. आतल्या दोन दोरांपैकी पुढचा, ज्याला डॉक्टर एसीएल म्हणतात, तो खेळाडूंमध्ये जास्त तुटतो.

या सांध्याला स्वतःची ताकद फारशी नसते. त्याची भिस्त मांडीच्या, पोटरीच्या आणि कुल्ल्याच्या स्नायूंवर. बैलगाडीचा दांडा कितीही मजबूत असला तरी ओढतात ते बैल. बैल दमले की गाडी खड्ड्यात आदळते, आणि धक्का आखाला बसतो. गुडघ्याचेही तसेच आहे.

हौशी धावपटूचा गुडघा का दुखतो?

पडून, मुरगळून दुखावलेले गुडघे वेगळे. न पडता दुखू लागलेल्या गुडघ्यामागे बहुतेक वेळा एकच गोष्ट सापडते. शरीराला सवय होण्यापूर्वीच धावणे एकदम वाढवलेले असते. भरतीची जाहिरात येते आणि कालपर्यंत दोन किलोमीटर धावणारा मुलगा आठवड्यात आठ किलोमीटरवर जातो. वर्षभर खुर्चीवर बसणारे गृहस्थ मॅरेथॉनचे नाव नोंदवून येतात आणि पहिल्याच रविवारी दहा किलोमीटर धावतात. हृदय आणि फुफ्फुसे काही आठवड्यांत तयार होतात. हाडे, दोर आणि स्नायूंची टोके यांना त्याहून बराच जास्त वेळ लागतो. दम पुरतो, पण गुडघा पुरत नाही.

सर्वांत जास्त आढळते ते वाटीच्या आसपासचे दुखणे. जिना उतरताना, उकिडवे बसताना, बसमध्ये तासभर पाय दुमडून बसल्यावर ते वाढते. मुलींमध्ये हे जास्त दिसते. दुसरे दुखणे गुडघ्याच्या बाहेरच्या बाजूला, ठरावीक अंतर धावल्यावर सुरू होणारे. मांडीच्या बाहेरून येणारा जाड पट्टा तिथे त्रास देतो. उतारावर धावल्याने आणि रोज रस्त्याच्या एकाच कलत्या कडेने धावल्याने ते वाढते. तिसरे वाटीच्या खाली बोटाने नेमके दाखवता येणारे दुखणे. उड्या आणि वेगाच्या धावा जास्त झाल्याने ते होते. या तिन्ही दुखण्यांत बहुधा शस्त्रक्रिया लागत नाही, आणि पूर्ण विश्रांतीही लागत नाही.

या खुणा दिसल्या तर धावणे थांबवा

पुढीलपैकी एकही गोष्ट असेल तर सराव बंद करून डॉक्टरांना दाखवावे.

पडताना किंवा वळताना गुडघ्यात 'कट्' असा आवाज आला आणि दोन-चार तासांत गुडघा टम्म सुजला. चालताना गुडघा निसटल्यासारखा वाटतो, दगा देतो. गुडघा मध्येच अडकतो, पूर्ण सरळ होत नाही. मार लागल्यावर चार पावलेही टाकता येत नाहीत. गुडघा लाल, गरम झाला आहे आणि अंगात ताप आहे. नडगीच्या हाडावर एकाच जागी बोट ठेवले की कळ येते आणि रात्री झोपेतही ठणकते. ही शेवटची खूण हाडाला बारीक तडा गेल्याची असू शकते. तशा पायावर धावत राहिले तर तडा वाढून हाड मोडते.

मोठमोठ्या खेळाडूंनाही या खुणांपुढे थांबावे लागते. आपल्या शेजारच्या बीड जिल्ह्यातील, आष्टी तालुक्यातल्या मांडव्याचा अविनाश साबळे हे नाव आता घरोघरी ठाऊक आहे. शेतकरी कुटुंबातला हा मुलगा बारावीनंतर सैन्यात गेला, महार रेजिमेंटमध्ये दाखल झाला, सियाचीनच्या थंडीत राहिला आणि धावण्याकडे गंभीरपणे वळला तो त्यानंतर. २०२२ साली बर्मिंगहॅमच्या राष्ट्रकुल स्पर्धेत ३००० मीटर स्टीपलचेसमध्ये त्याने ८ मिनिटे ११.२० सेकंदांत रौप्यपदक घेतले. हांगचौच्या आशियाई स्पर्धेत २०२३ साली सुवर्णपदक मिळवले आणि २०२४ साली पॅरिस ऑलिंपिकच्या अंतिम फेरीत तो धावला. जुलै २०२५ मध्ये मोनॅकोच्या शर्यतीत पाण्याच्या अडथळ्यावर तो पडला आणि गुडघ्यातील एसीएल आणि मेनिस्कस दोन्हींना इजा झाली. दोन महिन्यांवर टोकियोची जागतिक स्पर्धा होती. ती त्याला सोडावी लागली आणि गुडघ्यावर शस्त्रक्रिया करून घ्यावी लागली.

ज्याच्या पाठीशी प्रशिक्षक, फिजिओथेरपिस्ट आणि डॉक्टर उभे असतात तो खेळाडू जर जागतिक स्पर्धा सोडतो, तर अडकणारा, दगा देणारा गुडघा घेऊन भरतीच्या मैदानात उतरणाऱ्या आपल्या मुलाने थोडा विचार करावा. एसीएलच्या शस्त्रक्रियेनंतर वळणे-उड्या असलेल्या खेळात परतायला साधारण नऊ महिने तरी द्यावेत असे आज मानले जाते. त्याआधी घाई करणाऱ्यांचे गुडघे पुन्हा दुखावण्याचे प्रमाण बरेच जास्त आढळले आहे.

मात्र एसीएल तुटला म्हणजे लगेच टेबलावर जायलाच हवे असेही नाही. स्वीडनमध्ये १२१ तरुण रुग्णांवर झालेला एक अभ्यास २०१० साली प्रसिद्ध झाला. अर्ध्यांची शस्त्रक्रिया लवकर केली, अर्ध्यांना आधी व्यायाम देऊन गरज पडली तरच शस्त्रक्रिया करायचे ठरवले. या दुसऱ्या गटातल्या ५९ जणांपैकी दोन वर्षांत २३ जणांनाच शस्त्रक्रिया लागली, आणि दोन्ही गटांचे गुडघे सारखेच बरे होते. म्हणून एमआरआयचा कागद हातात आला की घाबरून जाऊ नये. हाडांच्या डॉक्टरांना दोन प्रश्न जरूर विचारावेत: आधी व्यायाम करून पाहता येईल का, आणि मला पुढे नेमके काय करायचे आहे? सरळ रस्त्यावर धावणाऱ्याची आणि कबड्डी खेळणाऱ्याची गरज एकसारखी नसते.

चार आण्यांचा नियम

धोक्याची खूण नसेल तर किती दुखले तरी चालेल? माझ्या पेशंटना मी जुन्या हिशेबाने सांगतो. असह्य दुखणे म्हणजे पूर्ण रुपया धरा. धावताना दुखणे चार आण्यांच्या आत असेल तर चालू द्या. आठ आण्यांवर गेले तर त्या क्षणी धावणे थांबवून चालत घरी या. चार ते आठ आण्यांच्या मधे असेल तर वेग आणि अंतर कमी करा.

याला दोन पुरवण्या आहेत. पहिली, दुसऱ्या दिवशी सकाळी उठल्यावर गुडघा कालच्या सकाळइतकाच असला पाहिजे. जास्त आखडला, सुजला तर काल जास्त झाले असे समजा आणि पुढच्या वेळी तिसरा हिस्सा कमी करा. दुसरी, लंगडत कधीही धावू नका. चाल बिघडली की भार भलत्याच जागी पडतो आणि एका दुखण्याची दोन होतात.

एक वही ठेवावी. तारीख, अंतर, धावताना किती आणे, सकाळी किती आणे, एवढ्या चार गोष्टी लिहाव्यात. दोन आठवड्यांची वही पाहिली की गुडघा कशाने चिडतो ते डॉक्टरआधी तुम्हालाच कळते.

विश्रांती म्हणजे खाटेवर पडणे नव्हे

पंधरा दिवस पडून राहिले की दुखणे थांबते हे खरे. पण त्या पंधरा दिवसांत मांडीचा स्नायूही सैल पडतो. मग एकदम पहिल्याइतके धावायला गेले की गुडघा पहिल्यापेक्षा लवकर दुखतो. बरेच जण याच चक्रात वर्ष घालवतात.

म्हणून धावणे कमी करावे लागले तरी दम टिकवण्याची दुसरी वाट हवी. सायकल ही त्यातली सर्वांत सोपी. मात्र सीट फार खाली नसावी. पॅडल सर्वांत खाली असताना गुडघा किंचितच वाकलेला राहावा. सीट खाली असली की वाटीवर दाब वाढतो. जड गिअर रेटण्यापेक्षा हलक्या गिअरवर पाय भरभर फिरवावेत. सायकलने दम तयार होत नाही असे कोणी म्हणाले तर नाशिकच्या डॉ. हितेंद्र आणि डॉ. महेंद्र महाजन या बंधूंची आठवण करून द्यावी. आपापला वैद्यकीय व्यवसाय सांभाळून त्यांनी २०१५ साली अमेरिकेचा पश्चिम किनारा ते पूर्व किनारा अशी सुमारे ४८०० किलोमीटरची 'रेस अक्रॉस अमेरिका' दोघांच्या संघात, आळीपाळीने सायकल चालवत, नऊ दिवसांच्या आत पूर्ण केली. ज्यांना पोहता येते आणि सोबतीला कोणी आहे, त्यांच्यासाठी पोहणेही उत्तम. गुडघ्यावर अंगाचे वजन येत नाही.

चार व्यायाम

हे व्यायाम एक दिवसाआड करावेत. जिम लागत नाही, घरातली भिंत आणि पायरी पुरते.

१) भिंतीला पाठ टेकून, पाय फूट-दीड फूट पुढे ठेवून खाली सरकावे. सुरुवातीला अर्ध्या खुर्चीइतकेच. तीस सेकंद थांबावे, पाच वेळा करावे.

२) एका पायरीवर दुखऱ्या पायाने चढावे आणि त्याच पायावर भार ठेवून सावकाश उतरावे. चढताना-उतरताना गुडघा आत झुकू देऊ नये, तो पायाच्या बोटांच्या रेषेत राहावा. दहा-दहाचे तीन फेरे.

३) पाठीवर झोपून, गुडघे वाकवून कंबर वर उचलावी. वर पाच सेकंद धरावी. पंधरा वेळा. याने कुल्ल्याचे स्नायू पक्के होतात. गुडघ्याला आत झुकू न देण्याचे काम तेच करतात.

४) पायरीच्या कडेवर उभे राहून टाचा वर-खाली कराव्यात. पंधराचे तीन फेरे.

चार आण्यांचा नियम येथेही लागू. सोपे वाटू लागले की पाठीवर दप्तर घ्यावे, त्यात वह्या-पुस्तकांचे वजन वाढवत न्यावे. आपल्याकडच्या पूर्ण बैठका चांगल्याच आहेत, पण दुखऱ्या वाटीला त्या सुरुवातीलाच मानवत नाहीत. अर्ध्या बैठकेपासून सुरू करून सहा ते आठ आठवड्यांत पूर्ण बैठकेवर यावे. फरकही साधारण तेवढ्याच काळात दिसतो. आठ दिवसांत कंटाळणाऱ्याला कोणताच व्यायाम लागू पडत नाही.

पुन्हा धावायला सुरुवात

अर्धा तास भरभर चालून गुडघा दुखत नाही, ही पहिली परीक्षा. ती उतरली की एक मिनिट धावणे आणि दोन मिनिटे चालणे, असे दहा वेळा. एक दिवसाआड. दुसऱ्या आठवड्यात दोन मिनिटे धावणे, एक मिनिट चालणे. तिसऱ्यात चार मिनिटे धावणे, एक मिनिट चालणे. असे करत महिन्याभरात सलग वीस-पंचवीस मिनिटांवर यावे. त्यानंतर अंतर हळूहळू वाढवावे आणि दर चौथा आठवडा हलका ठेवावा. आधी अंतर, मग वेग. दोन्ही एकाच आठवड्यात वाढवू नयेत.

शेगावहून निघणारी श्री गजानन महाराजांची पालखी आपल्या परभणी-गंगाखेड भागातून पंढरपूरला जाते. सातशे किलोमीटरहून जास्त अंतर साठी-सत्तरीचे वारकरी चालतात ते रोजचे मुक्काम ठरलेले असतात म्हणून. पहिल्या दिवशी कोणी दोन मुक्काम गाठत नाही. सरावाचे गणित त्यांच्याकडून शिकावे.

धावण्याची ढबही पाहावी. लांब ढांगा टाकून टाच पुढे आपटली की गुडघ्यावर धक्का जास्त बसतो. वेग तोच ठेवून पावले थोडी लहान आणि थोडी जलद टाकावीत. मिनिटाला पडणारी पावले मोजून ती शेकडा पाच ते दहाने वाढवली तरी गुडघ्यावरचा भार कमी होतो, हे प्रयोगांत मोजलेले आहे. यासाठी पैसा लागत नाही. डांबरी रस्त्यापेक्षा मातीची सपाट वाट किंवा शाळेचे मैदान चांगले. मात्र काळ्या मातीला उन्हाळ्यात भेगा पडतात, अशा रानात अंधारात धावू नये, पाय मुरगळतो. तळ झिजलेले बूट बदलावेत आणि भरतीच्या दिवशी कोरे बूट घालू नयेत.

गोळ्या, सुया आणि बिब्बा

धावण्याआधी दुखण्याची गोळी खाऊन निघायचे ही सवय वाढते आहे आणि ती घातक आहे. गोळीने दुखणे दबते, इजा तशीच राहते. चार आणे की बारा आणे हे सांगणारा काटाच आपण बंद करतो. शिवाय आपल्याकडच्या उन्हात घामाने पाणी गेलेल्या शरीरात या गोळ्या मूत्रपिंडाला इजा करू शकतात. रिकाम्या पोटी घेतल्या तर जठराला जखम होते ती वेगळीच. डॉक्टरांनी दिल्यास ठरलेले दिवसच घ्याव्यात. मेडिकलमधून आपल्या मनाने आणू नयेत.

भरतीआधी 'ताकदीची सुई' देतो म्हणणाऱ्याच्या वाटेला जाऊ नये. त्यात काय भरले आहे हे घेणाऱ्याला कळत नाही. त्यात स्टिरॉइड असेल आणि ते स्नायूच्या टोकात गेले तर तो भाग कमजोर होऊन तुटू शकतो.

ताज्या मारावर पहिले दोन-तीन दिवस जोरात चोळणे, गरम शेक आणि सांधा ओढून बसवणे टाळावे. कापडात गुंडाळलेला बर्फ पंधरा मिनिटे ठेवावा, घट्टसर क्रेप पट्टी बांधावी, पाय उशीवर उंच ठेवावा. बिब्बा घालून कातडी भाजून आलेले पेशंट आजही येतात. वर भाजले म्हणून आतला दोर जुळत नाही. जुन्या, आखडलेल्या दुखण्यावर मात्र कोमट शेकाने बरे वाटते, तो घ्यायला हरकत नाही.

धावून गुडघे झिजतात का?

पन्नाशीतले वाचक हा प्रश्न हमखास विचारतात. अनेक अभ्यास एकत्र करून २०१७ साली एक पाहणी प्रसिद्ध झाली. गुडघ्याची किंवा खुब्याची झीज हौसेने धावणाऱ्यांत शेकडा साडेतीन जणांना आढळली, बैठे जीवन जगणाऱ्यांत शेकडा दहा जणांना आणि स्पर्धेसाठी धावणाऱ्या अव्वल खेळाडूंत शेकडा तेरा जणांना. म्हणजे बेताने धावणाऱ्याचे गुडघे खुर्चीवर बसणाऱ्यापेक्षा वाईट नाहीत, उलट बरे असल्याचेच दिसते. ज्यांचे गुडघे आधीच झिजले आहेत आणि वजन जास्त आहे, त्यांनी चालणे आणि सायकल यांपासून सुरुवात करावी. एक किलो वजन उतरले की चालताना प्रत्येक पावलाला गुडघ्यावरचा भार सुमारे चार किलोंनी कमी होतो.

भरती पंधरा दिवसांवर आली असेल तर?

सर्वांत कठीण प्रश्न हाच. पोलीस भरतीत मुलांना १६०० मीटर आणि मुलींना ८०० मीटर धावायचे असते. त्या काही मिनिटांवर घराच्या आशा टांगलेल्या असतात. बापाने शिकवणीसाठी काढलेले कर्ज, बहिणीचे थांबलेले लग्न, हे सारे त्या मुलाच्या पाठीवर असते. त्याला "विश्रांती घे" एवढेच सांगून भागत नाही.

म्हणून स्पष्ट सांगतो. धोक्याची खूण नसेल आणि दुखणे चार आण्यांच्या आत असेल तर भरतीला जरूर जावे. शेवटच्या पंधरा दिवसांत अंतर निम्म्यावर आणावे, आठवड्यातून दोनदा थोड्या वेगाच्या छोट्या धावा घ्याव्यात, बाकी दिवस सायकल आणि व्यायाम. या पंधरा दिवसांत नवीन ताकद येत नसते, कमावलेली टिकवायची असते. पण गुडघा अडकत असेल, दगा देत असेल, सुजून पाणी भरले असेल किंवा हाडाला तडा असेल तर ही भरती सोडावी. वयाची अट शिल्लक असेल तर पुढची भरती हातात आहे. गुडघा पूर्ण फाटला तर ती भरतीही जाईल आणि पुढे शेतातल्या पाळीला, कापसाच्या वेचणीलाही तो गुडघा साथ देणार नाही.

आई-वडिलांना विनंती आहे की मुलाने किंवा मुलीने "गुडघा दुखतो" म्हटले तर त्याला कामचुकारपणा समजू नये आणि एकदम मैदानही बंद करू नये. मुलाला घेऊन दवाखान्यात यावे, सोबत त्याची ती वही आणावी. निम्मे निदान त्या वहीतच लिहिलेले असते.